बायका-मुलांसाठी वेगळे धर्मादाय दवाखाने का निघाले?

ताई, तुम्ही विचारलंत की पूर्वी बायका-मुलांसाठी वेगळे धर्मादाय दवाखाने का काढायचे, शेटजींची नुसती नावाची हौस होती का. थोडी असेलही, पण मूळ कारण वेगळंय. मुंबईत जेजे हॉस्पिटल १८४५ पासून होतं, पण डॉक्टर सगळे पुरुष, आणि घरंदाज बाई परक्या पुरुषाकडून तपासून घ्यायचीच नाही. बाळंतपण अडलं तर सुईण करेल ते, नाहीतर बाई गेली. म्हणजे नुसता दवाखाना बांधून भागणार नव्हतं, आत डॉक्टरीण पाहिजे होती.

१८८३ साली दोन गोष्टी झाल्या. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी, ज्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं, त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या आणि त्याच वर्षाअखेर एडिथ पीची ही इंग्लंडची डॉक्टर मुंबईत उतरली. तिला बोलावलं जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी, लोकवर्गणीच्या फंडातून. पेस्तनजी होरमसजी कामांनी बायकांच्या कामा हॉस्पिटलसाठी लाखावर रुपये दिले पण अट घातली, कारभार डॉक्टर बायकांच्याच हातात पाहिजे. या अटीसाठी मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे, कारण पैसे देणारे पुष्कळ असतात, अधिकार कोणाकडे राहील याचा विचार करणारे थोडे. कामा उभं राहीपर्यंत जाफर सुलेमान दवाखाना १८८४ ला सुरू झाला, तो पीचीबाईंनी चालवला, मग १८८६ ला कामा उघडलं. लहानपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात लढलेल्या रखमाबाईंच्या पाठीशी पण पीचीबाई उभ्या राहिल्या, रखमाबाई लंडनला डॉक्टरी शिकल्या आणि पुढे सुरतेला बायकांचं हॉस्पिटल कितीतरी वर्षं सांभाळलं. आनंदीबाई मात्र १८८७ ला क्षयाने गेल्या, डिग्री हातात होती पण प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही, याचं अजून वाईट वाटतं.

नंतर परळला वाडियांनी बाळंतिणींसाठी १९२६ ला आणि मुलांसाठी १९२९ ला हॉस्पिटल काढलं, गिरणगावाच्या मधोमध.

बायका आणि मुलं एकत्रच का, ते मला माझ्या आत्यामुळे कळलं. ती ठाण्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स होती. बायका घरून रिकामी बाटली धुऊन आणायच्या, कंपाउंडर मिक्श्चर भरून बाजूला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस, त्यामुळे वाचता न येणाऱ्या बाईलाही किती द्यायचं ते कळायचं. आत्या सांगायची, बाई स्वतःसाठी म्हणून कधी यायचीच नाही, पोराचा खोकला घेऊन यायची आणि बाटली पिशवीत टाकून उठता उठता हळूच म्हणायची, डॉक्टरीणबाई, मला पण जरा अंगावरून जातंय. पोराचं निमित्त नसतं तर घरून सोडलंच नसतं तिला.

आता तुमच्या वहिनीला परवडेल असा उपचार कुठे मिळेल ते. कामा सरकारी आहे, सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. आणि आपल्याकडच्या ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांनाही सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम ४१ एए खाली १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या पेशंटसाठी ठेवाव्याच लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या सोशल वर्करला भेटा, रिसेप्शनवरून परत फिरू नका, आणि खाटा असूनही नाही म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज टाका.