नाशिकमध्ये परमनंट नोकरी सोडून फ्लॅटविक्रीत कमिशनवर जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबडच्या कंपनीत क्वालिटीला साडेचार वर्षं, परमनंट. हातात ३४,००० पगार, घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ३०,०००, बँकेत दीड लाख. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. पाथर्डी फाट्यावरच्या एका चॅनल पार्टनरनं (बिल्डरचे फ्लॅट विकून देणाऱ्या एजन्सीनं) बोलावलंय: १२,००० फिक्स आणि प्रत्येक बुकिंगवर कमिशन. 'महिन्याला दोन फ्लॅट काढले तरी आत्ताच्या दुप्पट सुटतील' असं ते म्हणतात. जावं का?

मी सातपूरच्या कंपनीतली अकाउंट्सची नोकरी सोडून याच लाईनला आले आणि आजही फ्लॅटच विकते. हे काम मला मनापासून आवडतं, त्यामुळे 'जाऊ नका' असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण आत्ता, या ऑफरवर, राजीनामा देऊ नका.

ऑफर आली की कमिशन किती टक्के हे सगळे विचारतात. ते हातात कधी पडणार, हे मात्र विचारायचं राहून जातं. घर चालतं ते या दुसऱ्या प्रश्नावर. ग्राहकानं टोकन दिलं की ऑफिसात पेढे वाटतात, पण तुमच्या खात्यात तेव्हा काहीच आलेलं नसतं. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे आधी टोकन, मग दहा टक्क्यांपर्यंतची जुळवाजुळव, मग अ‍ॅग्रीमेंट आणि रजिस्ट्रेशन, मग बँकेचं कर्जाचं सँक्शन, मग पहिलं डिसबर्समेंट, म्हणजे कर्जाची पहिली रक्कम बिल्डरकडे. बिल्डरकडे ठरलेली रक्कम जमा झाली की चॅनल पार्टनर ब्रोकरेजचं, म्हणजे बिल्डरकडून मिळणाऱ्या दलालीचं, बिल लावतो. ते पास व्हायला महिना-दीड महिना सहज जातो. तुमचा वाटा त्याच्याही नंतर. टोकनपासून तुमच्या खात्यापर्यंत तीन-चार महिने लागले तर ते सुरळीत झालं असं समजा.

त्यात नाशिकचा ग्राहक कोण आहे तेही बघा. कंपनीतला पगारदार असेल तर बँकेचं काम लवकर होतं. पण निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचा द्राक्षबागायतदार मुलांच्या शिक्षणासाठी शहरात फ्लॅट घेतो, आणि त्याचं गणित बागेवर चालतं. माझ्याकडे निफाडच्या एका काकांनी दिवाळीच्या तोंडावर बुकिंग केलं. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग छान फुटलेली, माणूस खुशीत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रिटर्नमध्ये दाखवायला फारसं काही नाही, म्हणून बँकेनं हवं तेवढं कर्ज दिलं नाही. बाकीची रक्कम द्राक्षांवर द्यायची ठरली. त्यात अवकाळी पाऊस झाला, घड कुजले. फोन केला की काका एवढंच म्हणायचे, "ताई, माल निघू द्या, मग बसू." त्यांनी शब्द पाळला, शेवटचा पैसा दिला, पण तोवर एप्रिल उजाडला होता. त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. तुमच्या घराचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जाणार आहे.

आता आकडे. समजा ४५ लाखांचा फ्लॅट गेला आणि ब्रोकरेज २ टक्के आहे, म्हणजे ९०,०००. हे पैसे चॅनल पार्टनरचे. त्यातला तुमचा वाटा ३० टक्के ठरला असेल तर २७,०००, आणि २ टक्के टीडीएस कापून हातात २६,४६०. तुम्हाला 'एक टक्का' सांगितला असेल तर तो फ्लॅटच्या किमतीचा की ब्रोकरेजचा, हे विचारून घ्या. फ्लॅटच्या किमतीचा असेल तर ४५,०००, ब्रोकरेजचा असेल तर ९००. तोंडी बोलण्यात दोन्ही 'एक टक्का'च असतात.

नवीन माणसाचं पहिलं बुकिंग व्हायला दोन-तीन महिने जातात, हे मी आमच्याकडे येणाऱ्या मुला-मुलींमध्ये कायम बघते. त्यापुढे पैसा यायला तीन-चार. म्हणजे पाच ते सात महिने तुम्ही १२,००० वर आहात. खर्च ३०,०००, तूट १८,०००. सात महिन्यांचे झाले १,२६,०००. शिवाय दिवसभर साइट ते साइट फिरायचं, त्याचं पेट्रोल बहुधा तुमचंच. तुमचे दीड लाख तिथेच संपले. मध्ये मुलगी आजारी पडली तर हात पसरावे लागतील. आणि मान अडकलेल्या माणसाला फ्लॅट विकता येत नाही. ग्राहकाला ते लगेच कळतं, तो मागे सरकतो.

दुसरी गोष्ट लीडची, म्हणजे तुम्ही आणलेल्या ग्राहकाची. विक्री तुमची होती हे कोण ठरवणार? तुम्ही ग्राहकाला साइटवर नेता, बिल्डरचा सोर्सिंग मॅनेजर (चॅनल पार्टनरांशी व्यवहार बघणारा माणूस) त्याचं नाव आणि नंबर तुमच्या नावावर टॅग करतो. हे टॅगिंग ठरावीक दिवसच चालतं, कुठे तीस, कुठे साठ. ग्राहक मात्र स्वतःच्या गतीनं ठरवतो. आधी बायकोला दाखवतो, मग भावाला, मग गावाहून आई-वडील येतात. एकदा माझा ग्राहक महिन्याभरानं भावाला घेऊन परस्पर साइटवर गेला आणि रजिस्टरला 'वॉक-इन' (स्वतःहून आलेला) म्हणून नोंद झाली. पहिल्या व्हिजिटच्या दिवशी मी सोर्सिंग मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकाचं नाव, वेळ, त्यानं पाहिलेला फ्लॅट नंबर पाठवलेला होता, तो मेसेज दाखवला म्हणून विषय मिटला. तेव्हापासून आमच्या टीममध्ये प्रत्येक व्हिजिटनंतर पार्किंगमध्ये उभं राहूनच तो मेसेज जातो. तुम्ही गेलात तर पहिल्या दिवसापासून हे करा.

म्हणून त्या चॅनल पार्टनरकडून कागदावर लिहून घ्यायचं ते असं. माझा वाटा कशाच्या किती टक्के. बिल्डरकडून तुम्हाला पैसे आल्यावर किती दिवसांत मला मिळणार. बुकिंग रद्द झालं तर दिलेलं कमिशन परत कापणार का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी काम सोडलं तर माझ्या झालेल्या बुकिंगचे राहिलेले पैसे मिळणार की नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मी चांगल्या चांगल्या मुलांना रडताना बघितलंय. चार अ‍ॅग्रीमेंट झालेली, पैसे यायचे बाकी, वाद झाला, मुलगा बाहेर, आणि हातात कागदाचा कपटाही नाही. तुम्हाला आत्ता ज्या गोडीनं बोलावलंय त्याच गोडीनं हे लिहून मागा. सरळ माणूस असेल तर अर्ध्या तासात मेल करेल.

त्यांच्या ऑफरच्या पत्रावर तुमचं पद काय आहे तेही बघा. 'कन्सल्टंट' लिहिलं असेल तर तुम्ही कर्मचारी नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. स्वतंत्र एजंट म्हणून काम करणार असाल तर महारेराची (राज्यात रेरा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी तुमच्या स्वतःच्या नावावर लागते, आणि त्यासाठी आधी महारेराचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. ही परीक्षा नोकरीत असतानाच देऊन टाका. अभ्यास झेपण्यासारखा आहे, आणि रेरा नीट कळलेला माणूस ग्राहकासमोर ठामपणे बसतो.

हा चॅनल पार्टनर विकत असलेले प्रोजेक्टही महारेराच्या साइटवर उघडून बघा. किती फ्लॅट आहेत, किती बुक झालेत, पूर्ण करायची तारीख काय होती आणि मुदतवाढ किती वेळा घेतली, सगळं तिथे दिसतं. 'सिंहस्थ आला, समृद्धी झाला, भाव वाढणारच' हे आज नाशिकमध्ये प्रत्येक साइटवर ऐकू येतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, सिंहस्थाची कामं शहरात डोळ्यांसमोर चालू आहेत, या गोष्टी खऱ्या आहेत. पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये तीन वर्षांत निम्मे फ्लॅट पडून असतील तर समृद्धी तुमचं कमिशन आणून देणार नाही.

आता तुमच्या प्रश्नात तुम्ही ओझरता उल्लेख केलेली गोष्ट: साडेचार वर्षं. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. बेसिक आणि डीए मिळून २०,००० धरले तर २०,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५, म्हणजे ५७,६९२ रुपये. सहा महिन्यांसाठी एवढे पैसे सोडून जाऊ नका, तुमच्या हिशेबात ते तीन महिन्यांची तूट भरून काढतात. पीएफला हात लावू नका, पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम तुमच्या शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी त्याआधीच घ्या. घरात कुणाला शुगर-बीपी असेल तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो, तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. गाडीसाठी कर्ज काढायचं असेल तर तेही पगाराची स्लिप हातात असताना. कमिशनवाल्याकडे बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते.

हे सहा महिने वाया जाणार नाहीत. सुट्टीच्या दिवशी एखाद्या अनुभवी माणसाबरोबर साइटवर जाऊन बसा, पैसे न घेता, कारण तुमच्या नेमणूकपत्रात दुसरं काम करायला बहुतेक मनाई असेल. तिथे बघायचं ते ग्राहकाकडे. नवरा कार्पेट एरिया विचारत असतो, सासूबाई ओटा किती उंच आणि तुळस कुठे ठेवायची ते बघत असतात, आणि शेवटी कुणीतरी विचारतं, "नळाला पाणी येतं की टँकर?" शहराच्या कडेच्या पुष्कळ सोसायट्यांना आज टँकर लागतो. महिनाअखेर आहे, या महिन्यात एकही बुकिंग नाही, घरचा हप्ता आहे, आणि समोर हा प्रश्न आहे. त्या क्षणी तुम्ही 'सध्या टँकर आहे, मनपाची लाईन अजून आलेली नाही' असं म्हणू शकाल का, हे स्वतःला विचारा. मी तसं सांगते. काही जण उठून जातात. जे घेतात ते पुढे मेहुण्याला, मित्राला माझ्याकडे पाठवतात, आणि आज माझं निम्म्याहून जास्त काम अशाच ओळखीतून येतं. पण हे खरं बोलणं परवडायला मागे आठ-नऊ महिन्यांचा खर्च बाजूला असावा लागतो. म्हणूनच मी तुम्हाला थांबा म्हणतेय.

बायकोशी बोलताना 'दुप्पट सुटतील' हा आकडा सांगू नका. वहीवर १२,०००, ३०,००० आणि १८,००० असे तिन्ही आकडे लिहा, रविवार-सणवार सगळे साइटवर जाणार हेही सांगा. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा हे आमचे सगळ्यात कामाचे दिवस, मुलीला घेऊन गंगेवर (गोदाघाटावर) जायचं तर मधल्या वारी. पितृपक्षात बुकिंग जवळजवळ थांबतात, तो पंधरवडाही हिशेबात धरा. माझ्या सासऱ्यांना सुरुवातीला पटलं नव्हतं, पण महिन्या-महिन्याचा कागद समोर ठेवल्यावर त्यांनीच विचारलं, "आणि सहाव्या महिन्यात काहीच आलं नाही तर?" त्या प्रश्नावर आम्ही दोघांनी तारीख ठरवली होती, की अमुक महिन्यापर्यंत इतकं आलं नाही तर परत अकाउंट्सची नोकरी शोधायची. तुम्हीही तशी तारीख आधीच ठरवा. क्वालिटीतल्या अनुभवी माणसाला अंबड, सातपूर, सिन्नर, गोंद्याला वर्षभरानंतरही काम मिळतं.

आज करायचं काम एकच: त्या चॅनल पार्टनरला वरच्या चार मुद्द्यांचा मेल टाका आणि सांगा की मी सहा महिन्यांनी येऊ शकतो. ते 'आत्ताच या, नाहीतर जागा जाईल' म्हणाले तर जाऊ द्या, फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत चॅनल पार्टनरांना कायम माणसं हवीच असतात. पत्राचा मसुदा आला तर नावं झाकून इथे टाका, मी एकेक ओळ वाचून सांगेन.