गणपतीचा पाट उचलला म्हणून भरपाई बंद?

(वाचकांचे प्रश्न, वकीलकाकांची उत्तरं)

प्रश्न: काका, नमस्कार. आमचे हे लांज्याजवळ चिरेखाणीवर मशीन चालवायचे, वय ४०, पगार १४,०००. एप्रिल २०२५ मध्ये पात्यात उजवा हात गेला, दोन बोटं मुळापासून गेली, अंगठ्याचं दुसरं ऑपरेशन अजून व्हायचंय. मालक दर पंधरवड्याला ३,५०० देत होते. गणपतीत ह्यांनी मूर्तीचा पाट डोक्यावर घेतला आणि वाडीतल्याच कोणीतरी व्हिडिओ काढून मालकाला पाठवला. आता मालक म्हणतात हात बरा झालाय, तुम्ही फसवलंत, पैसे बंद, चारशेवीसची केस घालतो. खरं सांगायचं तर हे दुपारी चुलतदीराच्या टपरीवर गल्ल्यावर बसतात, तो दिवसाला २०० देतो, आणि इन्शुरन्सचा माणूस चौकशीला आला तेव्हा 'कुठेच काम करत नाही' असं लिहून सही दिलीय. जेल होईल का हो? आणि एक एजंट म्हणतोय ६० टक्क्यांचं सर्टिफिकेट काढून देतो, ते करावं का?

उत्तर: ताई, पाटाचं आधी सोडून द्या. घरचा गणपती आणताना माणूस पाट धरणारच, आणि तो डोक्यावर असतो, बोटांवर नसतो. तात्पुरत्या अपंगत्वात कायदा एवढंच बघतो की अपघाताच्या वेळी जे काम करत होता ते काम करून कमवायची ताकद कमी झालीय का, आणि चिऱ्याचं मशीन दोन बोटं नसलेल्या हाताने कोण चालवून देतो ते मालकांनीच दाखवावं. व्हिडिओ एवढंच सांगतो की त्या दिवशी माणूस चालत होता.

टपरीचं मात्र गंभीर आहे, पण तुम्हाला वाटतंय त्या कारणासाठी नाही. अपघात नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू व्हायच्या (२१ नोव्हेंबर २०२५) आधीचा, म्हणजे तुम्हाला १९२३ चाच कर्मचारी भरपाई कायदा. त्यात पंधरवड्याची रक्कम पगाराच्या २५ टक्के, म्हणून तुमचे ३,५००. आणि पुढे असं म्हटलंय की अपघातानंतर माणूस काही कमवत असेल तर आधीचा अर्धा पगार आणि आताची पंधरा दिवसांची कमाई यातला जो फरक, त्याच्यापेक्षा जास्त हप्ता मिळणार नाही. आता मांडा हिशोब. आधीचे पंधरा दिवसांचे ७,०००, टपरीचे ३,०००, फरक ४,०००. तुमचा हप्ता ३,५००, म्हणजे फरकाच्या आतच. सांगितलं असतं तर एक रुपया कमी झाला नसता! जे लपवायची गरजच नव्हती ते लपवलं आणि मालकाच्या हातात कोलीत दिलं.

जेलचं विचारलंत. चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८(४) झालंय, शिक्षा सात वर्षांपर्यंत, पण त्यासाठी फसवायचाच हेतू होता आणि त्या फसवणुकीमुळेच पैसे दिले गेले हे दाखवावं लागतं, इथे बोटं तर खरोखर गेलीत आणि हप्ता तसाही तेवढाच बसत होता. खरी भीती पुढे आहे. उद्या भरपाईचा दावा ऐकणाऱ्या आयुक्तांपुढे शपथेवर साक्ष झाली आणि तिथेही 'काम करत नाही' म्हणाले तर तो खोटा पुरावा, कलम २२९, त्यालाही सात वर्षांपर्यंत. भरपाईचे आयुक्त या बाबतीत दिवाणी कोर्टच धरले जातात, त्यामुळे त्यांच्यापुढच्या खोट्या साक्षीची तक्रार आयुक्तांनीच लेखी करावी लागते, मालक सरळ पोलीस स्टेशनात जाऊन ती केस उभी करू शकत नाही. म्हणून अजून वेळ आहे तोवर टपरीची तारीखवार कमाई एका कागदावर लिहा, इन्शुरन्स कंपनीला आणि मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवा, आधीचं लिहून दिलेलं चुकीचं होतं हे सरळ कबूल करा, पोचपावती जपून ठेवा. पाठवायच्या आधी एकदा वकिलाला दाखवा, शब्द महत्त्वाचे असतात.

हप्ता कराराने किंवा आदेशाने ठरलेला असेल तर मालकाला आपल्या मर्जीने तोडता येत नाही, आयुक्तांकडे फेरविचाराचा अर्ज करावा लागतो. कमाई वाढली किंवा मुळात रक्कमच फसवून ठरवून घेतली असा आरोप असेल तर त्या अर्जाला डॉक्टरचा दाखला पण लागत नाही, आणि अर्जात दम दिसला तर निकालापर्यंत हप्ता पूर्ण किंवा थोडा रोखून धरायचा अधिकार आयुक्तांना आहे, तेव्हा घर चालवायची दुसरी सोय बघून ठेवा. नुसतं तोंडी ठरलं असेल तर तुम्हीच दावा लावा, मुदत अपघातापासून दोन वर्षं. आणि मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरी तपासणीला बोलावलं तर जायचं. नाही म्हटलं की भरपाईचा हक्क तेवढ्यापुरता थांबतो, त्यात कितीतरी चांगले दावे अडकलेले मी बघितलेत.

आता एजंट. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात कमाईच्या ताकदीचं नुकसान २० टक्के धरतात. पगाराचे, म्हणजे १४,००० चे, ६० टक्के ८,४००, त्याला कायद्यात चाळीस वयासाठी दिलेल्या १८४.१७ या गुणांकाने गुणायचं, त्याचे २० टक्के म्हणजे साधारण ३,०९,४०६ रुपये. २० ऐवजी एजंटचे ६० टक्के धरले तर ९,२८,२१७. मधल्या सहा लाख एकोणीस हजारांवर एजंटचा डोळा आहे, तुमच्या ह्यांच्या हातावर नाही. खोटं सर्टिफिकेट देणारा आणि ते खरं म्हणून वापरणारा दोघेही गुन्हेगार. उत्तर प्रदेशात अपघाताचे आणि कामगार भरपाईचे बनावट दावे एवढे निघाले की २०१५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली, २०२१ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे असताना बार कौन्सिल ऑफ इंडियाने तिथले २८ वकील सस्पेंड केले. जास्त टक्के मागायचा सरळ रस्ता आहे ना! १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचं नुकसान १०० टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. अंगठा कामातून गेला असेल तर ऑपरेशन झाल्यावर तोच मुद्दा खऱ्या डॉक्टरकडून लिहून घ्या.

प्रश्न: वकीलसाहेब, वेंगुर्ल्याला माझी छोटी काजू फॅक्टरी आहे. एक कामगार रविवारी घरी माडावरून पडला, पाय मोडला, आणि सोमवारी म्हणतो फॅक्टरीत पडलो. शिवाय तो पितो. त्याला धडा शिकवायचाय. जाताजाता, रजिस्टरला त्याचा पगार ६,००० दाखवलाय, देतो १२,०००, त्याने काही अडचण नाही ना?

उत्तर: अडचण तिथेच आहे शेठ. त्याचं खोटं पकडणं सोपं आहे, हॉस्पिटलच्या केसपेपरवर पहिल्यांदा काय वेळ आणि काय कारण लिहिलं ते बघा, हजेरीपट बघा, त्याची नोटीस आल्यापासून तीन दिवसांत फुकट तपासणी देऊ करा. अपघात फॅक्टरीत झालाच नसेल तर दावा तिथेच संपतो, दारूचा मुद्दा लागतच नाही. आणि फॅक्टरीत झाला असता तर दारूचा बचाव मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

पण उलटतपासणीत त्याचा वकील पहिला प्रश्न पगाराचा विचारणार. अर्धा पगार दाखवून तुम्ही इन्शुरन्सचा हप्ता वाचवलात, त्याची भरपाई अर्धी केलीत, ही फसवणूक नाही तर काय? एकदा रजिस्टर खोटं ठरलं की तुमच्या हजेरीपटावर कोण विश्वास ठेवील? उद्या खराच कोणाचा हात भट्टीत गेला तर वाढीव पगारावरची रक्कम कंपनी देताना हात आखडणार, महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड, आणि तो दंड इन्शुरन्स कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच सांगून ठेवलंय. रजिस्टर या महिन्यापासून सरळ करा, मग धडा वगैरे बघू.

प्रश्न: मी ठाण्यात कंपनीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीत खांदा दुखावला, इएसआयची (कामगार राज्य विम्याची) रजा आणि पैसे घेतले, पण त्यात महिनाभर देवगडला मामाकडे आंब्याच्या पेट्या भरल्या, मामाने मजुरी दिली. मित्र म्हणतो आता काही होत नाही.

उत्तर: मित्राला फोन ठेवायला सांग. तुझं प्रकरण नवीन संहितेच्या आधीचं, म्हणून इएसआयचा १९४८ चा कायदा, आणि त्यात ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली त्या दिवसाचे अपंगत्वाचे पैसे मिळतच नाहीत, शिवाय इलाज चालू असताना परवानगीशिवाय तो भाग सोडायचा नाही अशी अट आहे. चुकीने घेतलेले पैसे परत करावे लागतात. खोटं सांगून घेतले हे सिद्ध झालं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिक्षा झाली की काही काळ रोख लाभच बंद, म्हणजे खरंच आजारी पडलास तरी हातात काही नाही. दंड छोटा दिसतो म्हणून हसू नकोस. शाखा कार्यालयात स्वतः जा, ते दिवस सांग, पैसे भरून पावती घे. खटल्याला वरून मंजुरी लागते, आपणहून पैसे भरलेल्याच्या मागे लागलेले मी तरी फारसे बघितले नाहीत. आणि मामाला सांग, पुढच्या सीझनला पेट्या भरायला दुसरा भाचा बघ.