‘संकटी पावावे’ की ‘संकष्टी पावावे’? आणि पावणे म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ या आरतीच्या शेवटी आमच्याकडे ‘संकष्टी पावावे’ म्हणतात, शेजारी ‘संकटी पावावे’ म्हणतात, बरोबर कोणते? पावणे म्हणजे प्रसन्न होणे का? आणि एखाद्या माणसाविषयी ‘तो वेळेला पावला’ असे म्हणावे का?

पाठ ‘संकटी’ हाच. घरी, दारी, वनी यांत जी सप्तमीची ‘ई’ आहे तीच इथे आहे, म्हणून संकटी म्हणजे संकटात. पुढच्या ‘निर्वाणी’तही तीच. संकटी पावावे, निर्वाणी रक्षावे, अशी ही जोडी एका मापाची आहे. संकष्टी हे कृष्ण चतुर्थीच्या व्रताचे नाव. गणपतीशी त्याचे नाते इतके जवळचे, की जीभ आपोआप तिकडे वळते. त्यात कुणाचा दोष नाही. पण अर्थ मात्र आक्रसतो. संकट पंचांग बघून येत नाही, आणि मागणे तर कोणत्याही तिथीला, कोणत्याही घटकेला ये असे आहे.

‘संकट’ या शब्दात काय आहे तेही पाहण्यासारखे आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ अरुंद, चिंचोळे असा आहे. गुजरातीत अरुंदला ‘सांकडुं’ म्हणतात, आपल्या जुन्या मराठीतही ‘सांकडा’ आहे, आणि देवाला घालतो ते ‘साकडे’ याच घराण्यातले. म्हणजे संकटात सापडलेला माणूस अशा जागी असतो जिथून पुढे सरकता येत नाही, मागे फिरता येत नाही. साकडे घालणे म्हणजे ती कोंडी देवापुढे मांडणे.

आता पावणे. मला या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. संस्कृत ‘प्राप्’वरून आलेल्या या क्रियापदाचा मूळ अर्थ पोचणे, मिळणे. जुन्या पत्रांत ‘आपले पत्र पावले’ असे असे, म्हणजे पोचले. पैसे पोचल्याचा कागद तो ‘पावती’. गोव्यात कोंकणी बोलणारा आजही ‘हांव घरा पावलों’ म्हणतो आणि त्यात देवाधर्माचे काही नसते, तो फक्त घरी पोचलेला असतो. (पाहुणा, बोलीत ‘पावणा’, हा शब्द मात्र यातला नव्हे. तो ‘प्राघुण’पासून आला. उच्चाराच्या सारखेपणामुळे गल्लत होते.) प्रसन्न होणे हा अर्थ पुढचा. देव पावला म्हणजे आधी देव आला, हाकेच्या ठिकाणी पोचला.

हे लक्षात आले की आरतीची मागची ओळ एकदम उजळते: ‘दास रामाचा वाट पाहे सदना’. आधी वाट पाहणे, मग पावणे. एकाचे डोळे वाटेवर आणि दुसरा त्याच वाटेने येणारा. ‘रामाचा दास’ ही समर्थांची नाममुद्रा, आणि करुणाष्टकांत ‘धांव रे धांव आतां’ म्हणणारेही तेच. त्यांनी संकट टाळ असे म्हटलेले नाही. संकटात ये, असे म्हटले आहे. माझ्या मते श्रद्धेचे याहून नेमके वर्णन मराठीत क्वचितच सापडेल: आपण कोंडीत आहोत हे मान्य, पण येणारा येईल याचीही खात्री.

‘निर्वाणी’बद्दल थोडक्यात. निर्वाण म्हणजे मुळात विझणे. मराठीत त्याला अगदी शेवटची, निकराची वेळ असा अर्थ आला. ‘निर्वाणीचा इशारा’ त्यातूनच. सगळे उपाय सरल्यावर तू रक्षण कर, असे ते मागणे आहे.

माणसाविषयी पावणे वापरावे का? जरूर. देवासाठी राखून ठेवलेली क्रियापदे मराठीने माणसाला मोकळ्या मनाने दिली आहेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई जागच्या जागी थांबली, आणि अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना रात्रभर घरात ठेवून घेतले, चहा-बिस्किटे दिली, पाण्यातून हात धरून पलीकडे नेले. अशा माणसाला आपण ‘देवासारखा धावून आला’ म्हणतो. ही नुसती स्तुती नाही. हाक देवाला मारली होती आणि पोचला शेजारचा माणूस, तेव्हा बोलणाऱ्याला ती दोन्ही पावणी वेगळी वाटत नाहीत. कोंकणीत तर आभाराचा शब्दच ‘देव बरें करूं’ असा आहे: मदत माणसाने केली, तिची परतफेड देवाकडे सोपवली. आपल्याकडच्या आजीचे ‘देव तुझं भलं करो’ त्याच चालीचे.

एक भेद मात्र भाषेने जपला आहे. माणूस वेळेला पावतो, अडीनडीला पावतो. नवसाला पावतो तो फक्त देव. त्यामुळे ‘तो अगदी वेळेला पावला’ हे तुमचे वाक्य निर्धास्तपणे लिहा.