३ टीबीच्या दोन डिस्क रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत) ७४६ जीबीच दिसतायत, बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करू का?

हो, करा. डिस्क खराब नाहीयेत, आकडाच सांगतोय काय झालंय ते. जुना रेड रॉम (बूट होताना रेड चालवणारा छोटा प्रोग्राम) डिस्कचे सेक्टर, म्हणजे छोटे कप्पे, ३२ बिटात मोजतो, ५१२ बाइटच्या सेक्टरने ते २.२ टीबीला संपतं आणि मोजणी परत शून्यापासून सुरू होते, मग उरलेले साधारण ०.८ टीबी, म्हणजे १०२४ च्या हिशोबाने ७४६ जीबी, तेवढे दिसतात. इंटेलचा रेड असेल तर बूट होताना कंट्रोल-आय येतं त्या स्क्रीनवर व्हर्जन बघा, १०.१ च्या खालचं असेल तर हेच कारण. हा रॉम बायोसच्या फाइलमध्येच येतो, वेगळा टाकायची गरज नाही, मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलची, रिव्हिजनसुद्धा जुळवून, फाइल घ्या, पेनड्राइव्हवरून फ्लॅश करा, म्हणजे बोर्डावर चढवा, आणि लाइट जाण्याची भीती असेल तर यूपीएसवरच करा.

आता नीट ऐका, फ्लॅशनंतर सेटिंग रीसेट होतात, साटा मोड (डिस्क कशा चालवायच्या ते सेटिंग) एएचसीआयवर, म्हणजे रेडशिवायच्या साध्या मोडवर, जाऊ शकतो, तर विंडोज सुरू व्हायच्या आधी बायोसमध्ये जाऊन तो परत रेड करा. विंडोजने डिस्क इनिशिअलाइज (कोऱ्या डिस्कसारखी नव्याने तयार) करू का विचारलं तर जुना डेटा असलेल्या डिस्कला अजिबात हो म्हणू नका! आधी बॅकअप घ्याच, रेड म्हणजे बॅकअप नाही. विंडोजमधला रेडचा ड्रायव्हरपण १०.१ किंवा नवा टाका, आणि नवीन अ‍ॅरे (रेडमध्ये जोडलेल्या डिस्कचा संच) जीपीटी या नव्या विभागणी पद्धतीनेच करा, एमबीआर या जुन्या पद्धतीत परत २.२ टीबीलाच अडकाल.