आधी घरी जाऊन ये, मग अहवाल लिही

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. जिल्हा बाल संरक्षण कक्षात रुजू झालीस, फार बरं वाटलं. २०१५ चा बाल न्याय अधिनियम तू कसून वाचला आहेस, ते कामाला येईल. पण तो कायदा मुलापर्यंत पोचतो तो गृहचौकशी अहवालातून, हे मला उशिरा कळलं. गुन्ह्याचा आळ असलेल्या मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळावरचे न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य काही कुणाच्या वाडीत जात नाहीत. तू जातेस. तुला दिसेल तेवढंच त्यांना दिसणार.

एका बंदरावरच्या पोराचं सांगते. बोटीवरचे डिझेलचे कॅन चोरल्याचा आळ होता. खलाशाचं काम करून अंग आडदांड झालेलं, दोरीनं तळवे चिरलेले. चौकीत नुसतं बघून वय लिहिलं, १९. दोन रात्री तो मोठ्या आरोपींबरोबर कोठडीत होता. अठराखालच्या मुलाला कोठडीत ठेवताच येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं. आईला जन्मतारीख सांगता येईना, 'गणपतीत झाला' एवढंच. मी शाळेत गेले, मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. सोळा वर्षं! कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. हा क्रम कुणालाही मोडू देऊ नकोस.

'घरची परिस्थिती हलाखीची' हे वाक्य अहवालात लिहू नकोस. त्यावरून मंडळानं काय ठरवायचं? आई पहाटे कोळंबी सोलायला जाते, दुपारी परत येते, मामा दोन घरं सोडून राहतो आणि हमी द्यायला तयार आहे, असं लिही. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला घरी सोडणं हा नियम आहे आणि निरीक्षणगृह, म्हणजे चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात ती जागा, हा अपवाद. मामा सापडला की पोर घरी जातं.

माझ्या हातून एकदा चूक झाली. पावसाळ्यात रस्ता बंद होता, म्हणून फोनवर विचारून मी एका बापाला 'व्यसनी' लिहिलं. नंतर घरी गेले तर माणूस भिंत धरून चालत होता. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. त्या एका शब्दापायी त्याचा मुलगा काही आठवडे जास्त आत राहिला. ते अजून टोचतं.

आंब्याच्या बागांत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांकडेही जा. शाळेत न जाणारी पोरं तिथे भेटतील. ती गरीब आहेत म्हणून बालगृहात टाकायची नाहीत, शाळेत घालायची. गावात विचारायचं तर आधी अंगणवाडी सेविकेला विचार, सरपंचांना नंतर.

आणि सरकारी पाटीची गाडी दारापर्यंत नेऊ नकोस. मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ची मनाई आहे, पण वाडीत गाडी दिसली की दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. एसटीच्या थांब्यावर उतर, पुढे पायी जा.

१ जूनपासून मासेमारी बंद असते, पोरं घरी सापडतात. छत्री घे आणि जुलै संपायच्या आत बंदराकडच्या वाड्या फिरून घे. ऑगस्ट लागला की बोटी सुटतात.