ओट्याची डागडुजी : कुठे काय चिकटवायचं?

ओट्याबद्दलच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा असते: सगळ्यात पक्कं काय? मला आधी वेगळ्या गोष्टी कळायला हव्यात. तो सांधा हलतो का, तिथे पाणी साचतं का आणि गरम भांडं टेकतं का? त्यावरून कोणती ट्यूब घ्यायची ते ठरतं.

प्रश्न : काळ्या ग्रॅनाइटच्या कडेवर कुकर आपटून टवका उडाला. तुकडा जपून ठेवलाय. फेविक्विकने दोनदा लावला, दोन्ही वेळा निघाला. (नाशिक)

फेविक्विक पातळ असतं. दोन बाजू एकमेकींना अगदी घट्ट टेकल्या तरच ते धरतं, मधली पोकळी ते भरत नाही. धक्क्याला ठिसूळ असतं आणि सततच्या ओलाव्यात हळूहळू सुटतं. तुम्हाला दोन ट्यूबवाला इपॉक्सी हवा, साधा सावकाश घट्ट होणारा अ‍ॅराल्डाइट चालेल.

खरं काम चिकटवण्याआधीचं आहे. जुनं फेविक्विक अ‍ॅसिटोनने मऊ करून ब्लेडने खरवडा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात बऱ्याचदा तेलकट घटक असतात. ओट्याच्या कडेवर फोडणीचा चिकट थर असतोच, तोही पुसून काढा आणि दगड पूर्ण कोरडा होऊ द्या. दोन्ही ट्यूबमधलं समसमान घेऊन नीट कालवा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका, अशाने जोड उलट मऊ राहतो. चिमूटभर काळा पिगमेंट मिसळलात तर सांध्याची रेघ फारशी दिसणार नाही. तुकडा बसवून टेपने आवळा. बाहेर आलेला इपॉक्सी रबरासारखा असतानाच ब्लेडने कापा, नंतर तो दगडासारखा होतो. २४ तास तिथे पाणी नको. आणि त्या कडेवर तापलेली कढई कधीच टेकवू नका, कारण साधा इपॉक्सी ६०-७० अंशांच्या पुढे ढिला पडू लागतो.

प्रश्न : ओटा आणि भिंतीच्या टाइल्स यांच्यामधल्या फटीत दर वर्षी व्हाइट सिमेंट भरतो. तरी तडा जातो आणि पाणी खालच्या कपाटात उतरतं. (ठाणे)

तिथे सिमेंट टिकणारच नाही. भिंत आणि ओटा हे दोन वेगळे भाग आहेत, उष्णतेने आणि वजनाने ते किंचित वेगवेगळे हलतात. कडक भरण तडकतं. इथे लवचीक सिलिकॉन सीलंटच हवं, आणि तेही बुरशी न धरणारं सॅनिटरी प्रकारचं.

एक खबरदारी मात्र मनापासून सांगते. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही, पण कडप्पा आणि संगमरवर चुन्याच्या जातीचे. त्यांच्यावर डाग पडतात आणि चकाकी जाते. तुमचा ओटा कडप्प्याचा असेल तर दुकानात ‘न्यूट्रल’ असं स्पष्ट सांगून मागा.

जुनं भरण एकही कण न ठेवता काढा. फट दोन दिवस सुकू द्या. वर-खाली मास्किंग टेप लावून सिलिकॉन भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच सलग फिरवा आणि साय धरायच्या आत टेप ओढून काढा. पुढच्या वेळी जुन्या सिलिकॉनवर नवा थर देऊ नका, तो धरत नाही.

प्रश्न : जेवणाच्या काउंटरचा सनमायका कडेला उचकटलाय. पांढरा फेविकॉल लावला, पण धरला नाही. (सांगली)

पांढऱ्या फेविकॉलमधलं पाणी लाकडात मुरावं लागतं. तुमच्याकडे प्लायवर जुन्या गोंदाचा थर आहे, त्यामुळे ते मुरत नाही. थर खरवडा आणि रबरवाला काँटॅक्ट गोंद वापरा. दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासा झाला की दाबून बसवा. एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून आधी जागा नीट जुळवून घ्या. याची वाफ पेट घेते. शेगडी आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, देवघरातला दिवाही विझलेला हवा. प्लाय फुगलेला असेल तर गोंदावर पैसे घालू नका, तेवढा तुकडा बदला.

प्रश्न : गॅस हॉबच्या कापलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यापासून ओट्याच्या कडेपर्यंत चीर गेलीय. एम-सील भरू का? (पुणे)

नको. ती चीर भार दाखवते आहे. हॉबच्या पुढची दगडाची पट्टी अरुंद असते आणि खाली आधार नसला की तिथेच मोडते. आधी दगडकाम करणाऱ्याला बोलावून खालून आधार द्या, मग मास्टिकने, म्हणजे दगड जोडायच्या घट्ट लगद्याने, चीर भरून घ्या. तोवर त्या बाजूला पाटा-वरवंटा किंवा पाण्याचा हंडा ठेवू नका.

प्रश्न : इपॉक्सीने भरलेल्या जागेवर कणीक मळली तर चालेल? (मडगाव)

थेट नको. परात घ्या.