भीतीचे फॉरवर्ड आणि दुटप्पी वाद : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

निवडणुका जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. अमुक निवडून आला तर काय होईल, तमुक यंत्र कसं फसवतं, कोणत्या ग्रुपमधून कुणाला काढलं, हेच विषय. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज ‘आता जागे व्हा, नाहीतर वेळ निघून जाईल’ छापाचे मेसेज येतात. त्यातला एखादा खराही असेल. खरा इशारा आणि नुसती भीती घालणं, हे पटकन कसं ओळखायचं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मेसेजमध्ये पडताळून बघायला काही दिलंय का, एवढं आधी बघा. खऱ्या इशाऱ्यात कायद्याचं नाव, कलम, तारीख, कार्यालय असं काहीतरी हाताशी लागतं. भीती घालणाऱ्या मेसेजमध्ये धोका मोघम असतो, पण शत्रू अगदी नेमका असतो. ‘ते’ म्हणजे कोण, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. ‘ते’ नक्की काय करणार, कोणत्या तरतुदीखाली आणि कधी, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. त्याच्या जोडीला ‘मीडिया हे दाखवणार नाही’ असतं, म्हणजे बातमी कुठे सापडली नाही तर तोच पुरावा धरायचा. आणि शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’.

कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण घ्या. २०२४ चं हे विधानसभा विधेयक क्रमांक ३३ संयुक्त समितीकडे गेलं आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्या दिवसांत एका बाजूचे मेसेज सांगत होते की मोर्चात दिसलात की तुरुंगात जाल. दुसऱ्या बाजूचे सांगत होते की याला विरोध करणारा प्रत्येक जण शहरी नक्षलवादी आहे. दोन्हींत विधेयकातला एक शब्दही नव्हता. ज्यावर खरोखर भांडायला हवं होतं ती गोष्ट खंड २ मध्ये होती, ‘बेकायदेशीर कृत्य’ या शब्दांच्या व्याख्येत. ही व्याख्या फार सैल आहे, सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा म्हणून काहीही तिच्यात बसवता येईल, हा आक्षेप रास्त आहे आणि तो कलम दाखवून घेता येतो. समितीने मसुद्यात बदल केले, तेही असेच नेमके आक्षेप नोंदवले गेल्यामुळे. विधेयकाची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळते. सगळी वाचायला वेळ नसेल तर शेवटचं ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’, व्याख्यांचा खंड आणि शिक्षेचा खंड, एवढं तरी वाचा. अर्धा तास पुरतो.

व्हॉट्सअ‍ॅपची एक खूणही कामाची आहे. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त टप्पे पार करून आलेला असतो. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. पण कुणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण नाहीसा होतो. म्हणून बाण दिसला तर सावध व्हा, पण दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

प्रश्न : ‘यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवून कलम ४९अ खाली चॅलेंज व्होट मागा. आपलं मत दुसऱ्याने टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. टेंडर मतं १४ टक्क्यांच्या वर गेली की त्या केंद्रावर फेरमतदान होतं.’ हे खरं आहे का? – पुणे, सोलापूर, जळगाव इथल्या अनेक वाचकांकडून

उत्तर : यात एक गोष्ट खरी आणि दोन खोट्या आहेत. खऱ्याच्या आधारावर खोटं खपतं, म्हणून हा मेसेज दर निवडणुकीत परत येतो.

टेंडर मत खरं आहे. ‘निवडणूक आचार नियम, १९६१’ मधल्या ४९प या नियमाखाली, तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर ओळख पटवून तुम्ही मत देऊ शकता. हे मत यंत्रावर घेत नाहीत, कागदी मतपत्रिकेवर घेऊन वेगळ्या पाकिटात ठेवतात. १४ टक्क्यांची अट कोणत्याही नियमात नाही. ‘चॅलेंज’ म्हणजे मतदान प्रतिनिधीने (केंद्रावर बसणारा उमेदवाराचा माणूस) एखाद्या मतदाराच्या ओळखीवर घेतलेला आक्षेप. त्यासाठी २ रुपये अनामत भरावे लागतात आणि निर्णय केंद्राध्यक्ष देतो. यादीत नाव नसलेल्याला आत घेण्याची ती वाट नाही. नाव यादीत नसेल तर आधार, पासपोर्ट, काहीही दाखवलं तरी मत देता येत नाही.

हा मेसेज निरुपद्रवी वाटतो, पण तो माणसाला ऐन मतदानाच्या दिवसापर्यंत गाफील ठेवतो. नाव आताच तपासा. निवडणूक आयोगाच्या मतदार संकेतस्थळावर ओळखपत्राचा क्रमांक टाकून बघा किंवा १९५० वर फोन करा. नाव नसेल तर नमुना ६ भरा. पत्ता किंवा तपशील चुकला असेल तर नमुना ८. कुणाचं नाव वगळण्यासाठी किंवा यादीतल्या नावावर हरकत घेण्यासाठी नमुना ७. एक चूक सर्रास होते : ओळखपत्र हातात आहे म्हणजे यादीत नाव आहेच, असं लोक धरून चालतात. कार्ड जुनंच राहतं, यादी मात्र दर पुनरीक्षणात बदलते.

प्रश्न : ईव्हीएमवरून आमच्या मित्रांच्या ग्रुपचे दोन तुकडे झाले. हरलेला पक्ष यंत्राला दोष देतो, जिंकलेला त्याची टर उडवतो. पुढच्या निवडणुकीत बाजू उलटतात आणि वादही उलटतो. यात खरं बोलायचं तर काय बोलायचं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाजू उलटतात हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि ते नोंदींतही दिसतं. २००९ च्या लोकसभेत पराभव झाल्यावर यंत्रांवर शंका घेणाऱ्यांत लालकृष्ण अडवाणी होते. २०१० मध्ये भाजपच्याच जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी यंत्रांच्या धोक्यांवर पुस्तक लिहिलं. २०१४ नंतर तीच शंका काँग्रेस आणि इतर विरोधी पक्ष घेऊ लागले आणि भाजप यंत्रांची बाजू लावून धरू लागला. वस्तू व सेवा कराचंही तसंच झालं. मार्च २०११ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने घटनादुरुस्ती विधेयक आणलं तेव्हा गुजरात सरकारचा विरोध होता. १ जुलै २०१७ ला भाजपने तो कर लागू केला आणि काँग्रेस टीकाकार झाली. मत बदलणं गैर नाही. नवी माहिती मिळाली, कायद्याचा आराखडा बदलला, तर ते बदलायलाच हवं. पण बदलाचं कारण सांगता आलं पाहिजे. ‘तेव्हा आम्ही सत्तेत नव्हतो’ हे कारण होत नाही.

आता यंत्राबद्दल. ‘सगळं हॅक झालंय’ आणि ‘शंका घेणारे रडे आहेत’ ही दोन्ही वाक्यं माणसाला काहीच करू देत नाहीत. नियमांनी मात्र करण्यासारखं बरंच ठेवलंय. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७क चा भाग १ भरतो. त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदवली गेली, ते त्यात असतं आणि हजर असलेल्या मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत मिळते. मोजणीच्या दिवशी तोच आकडा यंत्रावरच्या एकूण मतांशी ताडायचा. इथेच गडबड होते. बऱ्याच केंद्रांवर प्रतिनिधी संध्याकाळी कंटाळून आधीच निघून जातो, प्रत घेतच नाही, आणि मग महिनाभर ऑनलाइन वाद चालतो. ज्याला खरंच शंका आहे त्याने आपल्या पक्षाला विचारावं : आपल्या मतदारसंघातल्या किती केंद्रांच्या १७क प्रती तुमच्याकडे आहेत?

मत देताना व्हीव्हीपॅटच्या (दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणारं, ईव्हीएमला जोडलेलं यंत्र) काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, ती वाचा. दिलेल्या मतापेक्षा वेगळं चिन्ह दिसलं तर नियम ४९मअ खाली तिथेच तक्रार करता येते. लेखी निवेदन द्यावं लागतं आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत घेतलं जातं. तक्रार खोटी निघाली तर शिक्षा आहे, म्हणून पूर्ण खात्री असेल तरच हे पाऊल उचला. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी जुळवल्या जातात. शंभर टक्के चिठ्ठ्या जुळवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. त्याच निकालात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालानंतर ७ दिवसांच्या आत, खर्च भरून, विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली.

हे सगळं पुरेसं आहे का, यावर वाद व्हायला हवा. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्यापुरतं मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. त्या गावावर हसणाऱ्यांनी आणि त्या गावाच्या नावावर आरोळ्या ठोकणाऱ्यांनी, दोघांनीही एकच प्रश्न टाळला : लोकांची शंका फेडण्याची साधी, स्वस्त, गावपातळीवरची सोय आज आहे का? आमच्या मते ती अपुरी आहे. पण सोय अपुरी असणं आणि निकाल चोरलेला असणं ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्याला वेगळा पुरावा लागतो.

प्रश्न : समोरचा दर वेळी ‘तेव्हा कुठे होतात?’ असं विचारून विषय फिरवतो. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तेव्हाची चूक एका वाक्यात मान्य करा आणि मूळ विषयावर परत या. ‘ते चुकीचंच होतं. आता या कलमाबद्दल बोला.’ तेव्हाची चूक नाकारत बसलात तर पुढचा तास तिच्यातच जाईल.

आणि दुसऱ्याकडे वळण्याआधी स्वतःचा मेसेज तपासा. त्यातलं पक्षाचं, नेत्याचं किंवा समाजाचं नाव खोडून तिथे विरुद्ध बाजूचं नाव घाला आणि परत वाचा. आता त्यात पुरावा कमी वाटतो का? भाषा लागते का? वाटत असेल, लागत असेल, तर मूळ मेसेजमध्येही तोच दोष आहे. हे मनातल्या मनात केलं तर माणूस स्वतःला सूट देतो, म्हणून टाइप करून बघा.

प्रश्न : ‘आपल्या जिल्ह्यात हे घडलं, सावध राहा’ असे व्हिडिओ येतात. तज्ज्ञ नसलेल्या माणसाने ते कसे तपासायचे? – एक शिक्षिका, धुळे जिल्हा

उत्तर : तुमच्या जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर फिरलेली एक क्लिप मोटारसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्यांची होती. ती कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेली होती. मूळ फिल्ममध्ये मूल लगेच परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कापून टाकला होता.

म्हणून आधी क्लिप कुठे सुरू होते आणि कुठे तुटते ते बघा. मग आवाज बंद करून एकदा पाहा, कारण पुष्कळदा चित्र एकीकडचं आणि आवाज दुसरीकडचा असतो. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, बसचा रंग, पोलिसांचा गणवेश, रस्त्याची कोणती बाजू वापरतात, हे थांबवून थांबवून बघा. मग तीन-चार ठिकाणी व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. कडेचे काळे पट्टे आणि वर चिकटवलेला मजकूर आधी कापा, नाहीतर शोध त्या मजकुराचाच होतो. चेहऱ्यापेक्षा इमारत किंवा फलक असलेली फ्रेम जास्त उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख आणि ठिकाणाची माहिती सहसा उरत नाही, तेव्हा ती शोधत बसू नका. काहीच सापडलं नाही तर व्हिडिओ ‘खरा’ ठरत नाही, ‘न तपासलेला’ राहतो. न तपासलेला पुढे पाठवायचा नाही. पोलीस ठाण्याला फोन करून विचारणं हा सगळ्यात जवळचा उपाय आहे. जमाव जमताना दिसला तर थेट ११२.

प्रश्न : मी ग्रुप अ‍ॅडमिन आहे. सभासदाने भडकाऊ मेसेज टाकला तर मी अडकतो का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्याच शहरातल्या खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सभासदाच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन म्हणून दोषी ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसला पाहिजे. पण तुम्ही स्वतः तो मेसेज पुढे पाठवलात तर गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये अफवा तयार करणं आणि ती पसरवणं दोन्ही येतं आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे. मजकूर खरा मानायला वाजवी कारण होतं आणि हेतू प्रामाणिक होता, हा बचाव आहे, पण ‘आला तसा पाठवला’ एवढ्याने तो सिद्ध होत नाही.

मेसेज दिसला की आधी स्क्रीनशॉट घ्या, मग मेसेज दाबून धरून ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो. वातावरण तापलं असेल तर ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन ‘मेसेज पाठवणे’ दोन-तीन दिवस फक्त अ‍ॅडमिनपुरतं ठेवा. पण नियम दोन्ही बाजूंना सारखा लावा. एका पक्षाचे मेसेज काढायचे आणि दुसऱ्याचे ‘माहितीपर’ म्हणून ठेवायचे, याने ग्रुप सगळ्यात लवकर फुटतो.

प्रश्न : असे मेसेज सी-व्हिजिलवर टाकता येतात का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. निवडणूक आयोगाचं ते तक्रारीचं अ‍ॅप आचारसंहितेच्या काळात, समोर घडणाऱ्या भंगासाठी आहे, जसं की पैसेवाटप किंवा दारूवाटप. फोटो किंवा व्हिडिओ अ‍ॅपमधूनच घ्यावा लागतो, गॅलरीतला चालत नाही. जागा आपोआप नोंदली जाते आणि १०० मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट असतं. ऑनलाइन मजकुराची तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी करा. लिंक, वेळ आणि स्क्रीनशॉट जोडा.

प्रश्न : परदेशातल्या भारतीयांना आता ऑनलाइन मत देता येतं, असा मेसेज दुबईतल्या आमच्या मराठी मंडळात फिरतोय. – एक वाचक, दुबई

उत्तर : येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी नमुना ६अ भरून नाव नोंदवायचं असतं. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे त्याच मतदारसंघात नाव लागतं, आणि मत देण्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः त्या केंद्रावर हजर राहावं लागतं.